एका बोल्टावर झुलणारी रचना

बजाज चेतकचं इंजिन घरच्या अंगणात उतरवणं, हे ज्याला घाई नाही अशाचंच वाचन आहे. मूळ रचना कोरादिनो द'अस्कानियोची. हेलिकॉप्टरं घडवणारा हा इटालियन अभियंता. मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. १९४६ च्या व्हेस्पात त्यानं साखळीच गाळली. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स एका कवचात आणि मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. १९७२ साली आलेल्या चेतकनं हीच बैठक घेतली आणि ती अकोल्याच्या जुन्या शहरात, अमरावतीच्या राजापेठेत दारोदार उभी राहिली.

मे महिन्यात हे काम सकाळीच उरकावं. दहानंतर उन्हातला पाना हातात धरवत नाही. आधी मागचा ब्रेक दाबून चाकाचा मोठा नट सैल करायचा. इंजिन सुटल्यावर तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मग पेट्रोलची नळी, सायलेन्सर, वायरी, क्लच-ब्रेकच्या केबली. हा मजकूर रुक्षच. गिअरच्या दोन केबलींपाशी मात्र रेंगाळावं. डावी मूठ पिळली की एक ओढते, दुसरी सैल सोडते. चारही गिअर या जोडीच्या समजुतीवर. वरची कोणती, खालची कोणती, दोरा बांधून ठेवा.

शॉकअपचा खालचा बोल्ट निघाला की उरतो चेसिसमधून आरपार गेलेला लांब बोल्ट. इंजिनाला धरून ठेवणारा तोच आणि मागच्या चाकाला खड्ड्यात खालीवर होऊ देणाराही तोच. मला विचाराल तर सारी प्रतिभा इथं आहे. काळ्या मातीचा चिखल वर्षानुवर्षं खाऊन तो जाम झाला असेल, तर रॉकेल सोडून रात्र जाऊ द्यावी. ठोकायचाच तर टोकाला नट ठेवून, नाहीतर आटे मरतात. तो सरकला की जुवातली शिवळ काढावी तसं सगळं मोकळं! दोघांनी मागून बॉडी उचलायची, इंजिन स्वतःच्याच चाकावर बाहेर येतं. चेनपुली लागत नाही.

"काहून बा, पुरी गाडीच खोलली?" शेजारचे काका विचारणारच. त्यांनाही बॉडी धरायला लावावं.

रचनेत उणं आहेच. ५७ मिलिमीटर बोअर, तेवढाच स्ट्रोक, १४५.४५ सीसीचं चौरस सिलिंडर. पण सगळं वजन उजव्या अंगाला, म्हणून तोल तिकडचा. किक मारण्याआधी गाडी आडवी करण्याचा विधी मात्र द'अस्कानियोच्या माथी मारू नये. तो आपल्या लोकांनी मागून घातलेला आहे.