‘नको’ नसलेली खिडकी

अपडेटची सूचना हाही एक मजकूरच. रोज कोट्यवधी लोक वाचतात, समीक्षा कुणी करत नाही.

‘आत्ता रीस्टार्ट करा’ किंवा ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ कुठेच नाही. आपल्याकडे ‘बघू’ म्हटलं तरी समोरच्याला नकार कळतो. या खिडकीला ‘बघू’ म्हणजे होकार वाटतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तर विंडोज १० च्या सूचनेवरची फुली दाबल्यावरही ठरल्या वेळी अपग्रेड होऊ दिलं. खूप टीका झाली, तेव्हा जूनअखेर नकाराचं बटण आलं. म्हणजे ‘नको’ लिहिणं अशक्य नव्हतं.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे दुसरी बाजूही माहीत आहे. मार्च २०१७ मध्ये आलेली दुरुस्ती ज्यांनी घेतली नाही, त्यांचीच यंत्रं मे महिन्यात वॉनाक्रायच्या तावडीत सापडली. सूचना हवीच. पण तिने नीट बोलावं.

साताऱ्यात बाबा मोबाईलच्या दिवसाला दीड जीबीवर लॅपटॉप चालवतात. सांगलीत मामाचं दुकान संध्याकाळी गिऱ्हाइकांनी भरतं. ‘महत्त्वाचं अपडेट’ एवढ्याने दोघांचं भागत नाही. किती डेटा जाणार, किती वेळ लागणार, नेमकं काय दुरुस्त होणार, हे तीन ओळींत सांगता येतं.

सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या आयकॉनचं कौतुक एकाच सुरात सांगितलं, की ‘लांडगा आला रे’ होतं. मग खरा लांडगा येतो तेव्हाही मामा ‘नंतर’च दाबतो. त्यात दोष मामाचा नाही, मजकुराचा आहे.