थोटकांचे सौंदर्य : अर्व्हिंग पेन यांच्या छायाचित्रांच्या निमित्ताने

टाकाऊ वस्तूंत छायाचित्रकाराला सौंदर्य सापडते, या विधानाला आता कोणी हरकत घेत नाही. म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे वाटते. सौंदर्य दाखविण्याच्या भरात वस्तूचे टाकाऊपणच पुसले जात असेल, तर छायाचित्राने नेमके काय दाखविले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अर्व्हिंग पेन (१९१७–२००९) यांच्या ‘सिगारेट्स’ या मालिकेच्या आधारे करावयाचा आहे.

‘व्होग’ मासिकातील फॅशन-छायाचित्रांसाठी नावाजलेल्या पेन यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची सिगारेटची थोटके स्टुडिओत आणून टिपली. १९७५ मध्ये ही छायाचित्रे तेथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडली गेली. बोटाच्या पेराएवढी वस्तू सुमारे दोन फूट उंचीच्या कागदावर, कोऱ्या फिकट पार्श्वभूमीवर, भग्न खांबासारखी उभी राहते. चुरगळलेले वेष्टन, बाहेर डोकावणारे तंबाखूचे धागे, डाग, कुठे उत्पादकाचे अर्धवट उरलेले नाव असे सारे डोळ्यांत भरते.

या परिणामाचे श्रेय केवळ आकारवाढीला देता येणार नाही. पेन यांनी निवडलेली प्लॅटिनम-पॅलेडियम मुद्रणपद्धती येथे निर्णायक ठरते. नेहमीच्या चांदीच्या छायाचित्रात प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते; प्लॅटिनम मुद्रणात धातू कागदाच्या तंतूंतच स्थिरावतो. त्यामुळे पृष्ठभाग चकाकत नाही आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या राखाडी छटा फार सावकाश उतरत जातात. ही पद्धत मंद. मुद्रणासाठी चित्राच्याच आकाराची निगेटिव्ह लागते. पेन कागद अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवीत, म्हणजे पुन्हापुन्हा लेप देऊन प्रकाशित करताना तो जागचा हलू नये. काही मिनिटांत ओढून टाकलेल्या वस्तूवर इतके श्रम! राखेचा राखाडी रंग आणि मुद्रणाचा राखाडी रंग येथे एकमेकांना भेटतात, हे मला या मालिकेचे खरे यश वाटते.

तथापि वाल्टर बेन्यामिन यांनी १९३४ मध्ये घेतलेला आक्षेप येथे टाळता येत नाही. आल्बेर्ट रेंगर-पाट्झ यांच्या ‘जग सुंदर आहे’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या १९२८ मधील छायाचित्रसंग्रहावर टीका करताना, असे छायाचित्रण कचऱ्याच्या ढिगालाही रमणीय करून टाकते आणि दैन्यदेखील उपभोगाचा विषय बनविते, असा त्यांचा मुद्दा होता. (त्या संग्रहाचे नाव नुसते ‘वस्तू’ असावे, अशी छायाचित्रकाराची मूळ इच्छा होती, ते राहिले असते तर टीकेची धार कदाचित थोडी बोथट झाली असती.)

मराठी वाचकाला येथे बा. सी. मर्ढेकर आठवणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या साहाय्याने पेन यांची रचना चांगली उलगडते : शेजारी ठेवलेल्या दोन थोटकांचे कलणे, उंचीतला फरक, मधली मोकळी जागा. पण एवढ्यावर थांबल्यास ती थोटकांऐवजी दगडांची चित्रे असली तरी चालले असते. तसे चालत नाही. ही वस्तू कोणाच्या तरी ओठांत होती व नंतर पायाखाली गेली, हे ज्ञान बाजूला ठेवून ही चित्रे पाहताच येत नाहीत. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराच्या स्वायत्ततावादी व लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची चर्चा केली आहे. पेन यांची थोटके आपल्याला दुसऱ्या ध्रुवाकडे सतत ओढत राहतात. मर्ढेकरांच्या स्वतःच्या कवितेतले ओल्या पिंपातले उंदीरही तेच करतात, मग त्यांचे सौंदर्यशास्त्र काहीही म्हणो.

म्हणून बेन्यामिन यांचा आक्षेप पेन यांना अर्धाच लागू होतो, असे माझे मत आहे. चुरगळणे, डाग, फाटणे यांतले काहीही त्यांनी लपविलेले नाही. वस्तूचा वापर तिच्या अंगावर शाबूत आहे. नाहीसा झाला आहे तो रस्ता. शीर्षकांत केवळ क्रमांक, शहर आणि साल. गटार, पदपथ, झाडू मारणारा माणूस यांना त्या फिकट पार्श्वभूमीत शिरकाव नाही, आणि ही उणीव मुद्रणाच्या कोणत्याही कौशल्याने भरून येत नाही. पुढे १९७७ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मांडलेल्या ‘स्ट्रीट मटेरियल’ या मालिकेत ती काहीशी कमी झाली. तिच्यात कागदी पेल्यांसारख्या फेकलेल्या वस्तूंबरोबर चिखलाने माखलेला एक हातमोजाही आहे. पार्श्वभूमी तशीच कोरी, मात्र त्या मोज्यात बोटांचा आकार अजून टिकून आहे.