कॅबिनेटच्या पंख्यांचे गतिनियमन : ‘फॅनकंट्रोल’च्या नियमाचे परीक्षण

संगणकाच्या कॅबिनेटमधील पंख्यांची गती तापमानानुसार कमीअधिक करावी, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. ज्या साधनांनी ते व्यवहारात आणले, त्यांत लिनक्स प्रणालीवरील ‘फॅनकंट्रोल’ हा लहानसा प्रोग्रॅम विशेष अभ्यसनीय आहे. त्याची घडण कोणालाही उघडून पाहता येते, आणि मदरबोर्डात अंगभूत असलेल्या अनेक नियामकांची विचारसरणीही त्याच्या नियमाच्या जवळचीच आहे. त्यामुळे ह्या नियमाचे गुणदोष तपासणे म्हणजे बऱ्याच अंशी प्रचलित गतिनियमनाचेच परीक्षण करणे होय.

नियम असा आहे. प्रत्येक पंख्याला एक तापमान-संवेदक नेमून दिलेला असतो. ठरवून दिलेल्या किमान तापमानाखाली पंखा मंद फिरतो अथवा थांबतो. कमाल तापमानाला तो पूर्ण गती घेतो. ह्या दोहोंमध्ये गतीची आज्ञा सरळ रेषेत वाढत जाते. तापमानाचे वाचन सामान्यतः दर १० सेकंदांनी होते. थांबलेला पंखा सुरू करण्यास, फिरता पंखा फिरत ठेवण्यापेक्षा, अधिक जोर लागतो. हे ओळखून ह्या दोन जोरांचे आकडे वेगळे ठेवले आहेत. प्रोग्रॅम बंद होताना पंखे मूळ व्यवस्थेच्या हवाली करण्याची, आणि ते न साधल्यास त्यांना पूर्ण गती देण्याची दक्षताही त्यात आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना निर्विवादपणे चांगली म्हटली पाहिजे.

पंखा मंद चालविण्याचा मूळ हेतूही शास्त्राला धरून आहे. पंख्याच्या नियमांप्रमाणे हवेचा प्रवाह गतीच्या, दाब गतीच्या वर्गाच्या आणि लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ध्वनीसंबंधीच्या रूढ सूत्राप्रमाणे गती निम्मी केली असता आवाजाची पातळी सुमारे १५ डेसिबेलने उतरते. ह्याची तापमानातील किंमत किती? ३०० वॅट उष्णता सेकंदाला ०.०३ घनमीटर हवेने बाहेर नेली, तर ती हवा सुमारे ८ अंशांनी तापते. प्रवाह निम्मा केला तर सुमारे १६ ते १७ अंशांनी. म्हणजे आणखी ८ अंश सोसण्याची तयारी असेल, तर आवाजात मोठी घट पदरात पडते. अगदी तळच्या गतीला मोटरची व बेअरिंगची घरघर उरते व हे सूत्र लागू पडेनासे होते, एवढी मर्यादा मात्र ध्यानात ठेवावयास हवी.

साधनसामग्रीतही उणीव नाही. चार तारांच्या पंख्यांसाठी इंटेलने जे मानक ठरविले, त्यात गतीची आज्ञा वाहणाऱ्या स्पंदांची वारंवारता २५ किलोहर्ट्झ, म्हणजे मानवी श्रवणाच्या मर्यादेपलीकडे, धरली आहे. येथे यंत्र घडविणाऱ्याने कानाचा विचार केलेला दिसतो. नियम घडविणाऱ्याने तो केला आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. नियमाचा पहिला दोष काळासंबंधीचा आहे. काम येऊन पडताच प्रोसेसरच्या गाभ्याचे तापमान एकदोन सेकंदांत झपाट्याने चढते, आणि काम सरताच तितक्याच वेगाने उतरते. हिटसिंक सावकाश तापतो. कॅबिनेटमधील हवेला तर मिनिटे लागतात. कॅबिनेटच्या पंख्याचे काम ही हवा पालटण्याचे. गाभ्याच्या क्षणिक चढावर त्याचा इलाज जवळजवळ चालत नाही. तरीही त्याला प्रोसेसरचाच संवेदक नेमून दिला, तर जी उष्णता अद्याप हवेत आलेलीच नाही तिच्यासाठी तो धावू लागतो. उलटपक्षी, प्रोसेसर थंड असताना ग्राफिक्स कार्ड कॅबिनेट तापवीत असेल, तर हाच पंखा निश्चिंत राहतो. एका पंख्याला एकच संवेदक, ह्या बंधनामुळे एकच नियम दोन्ही बाजूंनी चुकतो.

दुसरा दोष श्रवणासंबंधीचा आहे. एकसारखा चाललेला मंद आवाज कानाच्या अंगवळणी पडतो. चढउतार करणारा आवाज, सरासरीने तितकाच असला तरी, लक्ष वेधून घेतो. डेसिबेलच्या एका आकड्यात हा भेद उमटत नाही. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असता पात्यांचा मूळ स्वर १४० हर्ट्झ असतो. गती बदलली की हा स्वर सरकतो, आणि वाटेत कॅबिनेटच्या पत्र्याच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला तर पत्रा गुणगुणू लागतो. ध्वनिमापकाची रूढ ‘ए’ भारश्रेणी १२५ हर्ट्झच्या आसपास सुमारे १६ डेसिबेल वजा करते, म्हणून मापनात तो बराच झाकला जातो. ‘फॅनकंट्रोल’मध्ये चढत्या व उतरत्या तापमानाला एकच रेषा लागू असल्याने असे सरकणे वारंवार घडते, आणि तापमान किमान मर्यादेवर घुटमळू लागले तर पंखा पुनःपुन्हा थांबतो व सुरू होतो.

नियमाच्या बाजूने असे म्हणता येईल की, आकडे वापरणाऱ्याने ठरवावयाचे आहेत आणि पुढील आवृत्तीत वाचनांची सरासरी घेण्याची सोयही झाली आहे. हे खरे, परंतु काही न बदलता ती सरासरी एकाच वाचनाची, म्हणजे नाममात्र असते. शिवाय थंड खोलीत बसविलेले आकडे सर्वत्र चालत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरील पारा ४० अंशांपलीकडे जातो; अशा हवेत ४० अंशांची किमान मर्यादा संगणक काही काम करण्यापूर्वीच ओलांडली जाईल.

तेव्हा कॅबिनेटचा पंखा कॅबिनेटमधील हवेच्या तापमानाशी जोडावा. तसा संवेदक नसल्यास प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ह्यांच्या मागण्यांपैकी मोठी घ्यावी. सरासरी काही मिनिटांची धरावी. गती उतरविण्याची मर्यादा चढविण्याच्या मर्यादेहून काही अंश खाली ठेवावी. आणि पूर्ण गती केवळ संकटासाठी राखावी. प्रोसेसरचा स्वतःचा पंखा त्वरेने प्रतिसाद देण्यास मोकळा असल्यामुळे ह्या दिरंगाईने धोका संभवत नाही. ‘फॅनकंट्रोल’ने यंत्राचे रक्षण उत्तम साधले आहे, परंतु त्या यंत्रापाशी तासन्‌तास बसून काम करणाऱ्याचा विचार त्याच्या नियमात अद्याप यावयाचा आहे.