मराठी कौटुंबिक चित्रपटातील संगीत आणि स्त्रीचा आवाज : ‘मानिनी’ व ‘माहेरची साडी’

‘मेलोड्रामा’ या संज्ञेच्या मुळाशी ‘मेलोस’, म्हणजे गीत, हा ग्रीक शब्द आहे. या नाट्यप्रकारात संगीत केवळ अलंकार नसून अर्थनिर्मितीचे साधन असते. कोणाचे दुःख प्रेक्षकाने आपले मानावे, हे अनेकदा संवादाआधी सूर ठरवितो. ‘मानिनी’ (१९६१) आणि ‘माहेरची साडी’ (१९९१) या चित्रपटांच्या आधारे हा निर्णय स्त्रीप्रतिमेशी कसा निगडित आहे, हे पाहता येते.

या तुलनेसाठी खानदेशातील स्त्रीगीते उपयुक्त निकष पुरवितात. तापीकाठच्या प्रकाशासह (ता. शहादा) या प्रदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात. सासू, नणंद, भाऊ हे विषय तेथेही आहेत; मात्र निवेदन गाणारीचे असते. तिला तक्रार करता येते, तशी थट्टाही.

अनंत माने दिग्दर्शित ‘मानिनी’त संगीतकार वसंत पवार यांनी याच खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कविता स्वरबद्ध केल्या. वाद्यमेळात मूळ बोलीचा रांगडेपणा काहीसा मवाळ होतो आणि संसाराच्या चटक्यांची कविता सोशिकतेचा गौरव म्हणूनही ऐकली जाऊ शकते. तरीही त्यातील निष्कर्ष स्त्रीच काढते. तिचे दुःख हेच तिचे ज्ञान ठरते.

विजय कोंडके दिग्दर्शित ‘माहेरची साडी’त संगीत अनिल मोहिले यांचे, तर नायिकेच्या भूमिकेत अलका कुबल आहेत. येथील पाठवणीच्या गीतात नायिकेचा उल्लेख बहीण म्हणून तृतीय पुरुषात येतो. गीत तिच्याविषयी बोलते. तिच्या वाट्याला अश्रू येतात. राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’ (१९८८) या चित्रपटाची ही मराठी आवृत्ती. पुढे हिंदीत ‘साजन का घर’ (१९९४) निघाला. म्हणजेच सोशिक लेकीचा हा साचा एका भाषेपुरता नाही.

या अश्रूंना केवळ भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. घरात न बोलता येणारे दुःख चित्रपटगृहात सामूहिकपणे मान्य होते, हे संगीताचे सामर्थ्यच होय. परंतु सूर दुःखाचे सांत्वन करतो, तेव्हा छळाचा जाब विचारण्याची गरज भासेनाशी होते. करुणा न्यायाची जागा घेते.

सारांश, चित्रपटगीताचे मूल्यमापन करताना माधुर्याबरोबरच त्यात ‘मी’ कोण म्हणते, हा प्रश्नही विचारला जाणे आवश्यक आहे. आखाजीच्या झोक्यावरील स्त्रीला जे स्वातंत्र्य आहे, ते पडद्यावरील नायिकेला कितपत मिळाले, हे त्यावरूनच कळू शकेल.