फुलदाणीवरचा चीन

जर्मनीतील मायसेन येथे १७२० नंतर रंगवल्या गेलेल्या फुलदाण्यांबद्दल लिहिताना बहुतेक जण चित्रांपाशीच रेंगाळतात. टोकदार टोप्या घातलेली माणसे, छत्र्या, चहाचे पेले, माणसाएवढी फुलपाखरे. या चिनी धाटणीच्या सजावटीला युरोपात 'शिन्वाझरी' म्हणतात. चित्रे देखणी आहेत, पण फुलदाणीतला सर्वांत कच्चा भाग तोच, असे माझे मत आहे.

पक्का भाग म्हणजे चित्राखालचे पांढरे पोर्सेलीन. सोने बनवून देतो म्हणणाऱ्या बॉटगर नावाच्या तरुणाला सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने चक्क कैदेत ठेवले होते. त्याच्या जोडीला होता चिर्नहाउस. मोठ्या भिंगांनी सूर्यकिरण एकवटून तो खनिजे वितळवून पाहत असे. १७०८ मध्ये पांढरे पोर्सेलीन साधले आणि १७१० मध्ये कारखाना निघाला. चिनी कारागीर केओलिन मातीत क्वार्ट्झ व अभ्रक असलेल्या दगडाची पूड मिसळत. बॉटगरने मिसळले अलाबास्टर, म्हणजे जिप्समचाच एक प्रकार. त्यातील कॅल्शियममुळे सुमारे १३५० अंश सेल्सिअसला मातीचा काही भाग वितळतो आणि कणांमधल्या फटी काचेसारख्या द्रवाने भरून जातात. तेव्हा ही नक्कल नव्हेच. त्याच गुणधर्माकडे जाणारी ती वेगळी वाट होती.

चित्रकार हेरोल्ट १७२० मध्ये व्हिएन्नाहून आला. एवढ्या उष्णतेत बहुतेक रंग टिकत नाहीत, म्हणून ते झिलईवर लावून पुन्हा कमी तापमानाला भाजावे लागतात. धातूंच्या ऑक्साइडांपासून त्याने एकेक छटा प्रयोगाने मिळवली आणि कृती कोणाला कळू दिल्या नाहीत. रंगांबाबत इतका काटेकोर असलेला हा माणूस चीनला कधी गेला नव्हता. ऑगस्टसच्या संग्रहात अस्सल चिनी आणि जपानी भांडी हजारोंनी होती, तरीही हेरोल्टचे चिनी लोक कोणत्याच देशात राहत नाहीत! सजावट म्हणजे भूगोलाचे पुस्तक नव्हे, हे मान्य. पण ज्यांनी चीन पाहिला नव्हता, त्यांच्या मनात चीन ठसला तो अशाच चित्रांतून.

वर्गात ही फुलदाणी चित्रातून दाखवायची असेल, तर सोबत पोर्सेलीनच्या फुटक्या कपाचा आणि पणतीचा तुकडा ठेवावा. दोन्हींच्या तुटलेल्या कडेवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. पणतीवरचा थेंब जिरतो, कपावरचा तसाच राहतो. हेरोल्टची टोपीवाली माणसे त्यानंतर दाखवावीत.