देवळाचे फिरणे आणि देवळाची पायरी

नामदेवचरित्रातील जे प्रसंग परंपरेने मराठवाड्याच्या भूमीत बसविले आहेत, त्यांत औंढा नागनाथ येथील दोन प्रसंग सर्वपरिचित होत. पहिला विसोबा खेचरांच्या भेटीचा. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांस पिंडीवर पाय ठेवून पडलेला एक वृद्ध दिसतो. दुसरा देऊळ फिरल्याचा. समोरून उठविले गेलेले नामदेव देवळाच्या पाठीमागे जाऊन कीर्तन करू लागतात आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करते. पहिल्या प्रसंगाचा विचार अद्वैतबोधाची कथा म्हणून होत आला आहे, दुसऱ्याचा चमत्कार म्हणून अथवा जातिभेदावरील भाष्य म्हणून. हे दोन्ही अर्थ रास्त आहेत. तथापि विष्णुपुरीच्या गोदाकाठावरून औंढ्यास निघालेला यात्रेकरू पायांनी चालणारा नसून चाकाच्या खुर्चीत बसलेला आहे, एवढी एकच गोष्ट गृहीत धरली, तर या दोन्ही कथा नव्याने वाचाव्या लागतात. त्या तशा वाचल्या गेल्या नाहीत, याचे कारण कथांत नाही. ते वाचणाऱ्याच्या सवयीत आहे.

प्रथम वास्तूकडे पाहू. औंढ्याचे देऊळ परकोटाच्या आत, प्रशस्त प्रांगणात उभे आहे. त्याचा तळचा भाग जुन्या घडीव दगडाचा असून शिखराकडील बांधकाम नंतरच्या काळातील, निराळ्या साहित्याचे आहे. बाह्यांगावर शिल्पांचे थर आहेत. मंडपात शिरावे, तर पायऱ्या आणि उंबरे. आणि खरे दर्शन तर त्याहून अवघड, कारण ज्योतिर्लिंग जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यात आहे. तेथे अरुंद व उभ्या पायऱ्यांनी उतरावे लागते आणि आत गेल्यावर धडधाकट माणसासही वाकूनच वावरावे लागते. खुर्चीतून आलेल्यास म्हणून देवळाचे बाह्यांग तेवढे उरते. हा लाभ अगदीच क्षुल्लक नव्हे. बसलेल्या माणसाची दृष्टी जमिनीपासून साधारणतः ११५ ते १२० सेंटिमीटरवर असते. मध्ययुगीन देवळांच्या जोत्यावरील गजथर, नरथर आणि त्यांमधील पट्ट्या या दृष्टीच्या जवळ येतात. उभा प्रेक्षक जंघाभागावरील देवतामूर्तींकडे मान उंचावून पाहतो आणि हे खालचे थर सहसा ओलांडून जातो. मंदिरवर्णनाच्या पुस्तकांतही त्यांची बोळवण बहुधा एका ओळीत होते. वर्णन करणारा कोठे उभा होता, हे त्या एका ओळीवरूनच ओळखता यावे. परंतु शिल्प पाहणे म्हणजे दर्शन नव्हे. बाह्यांग बसल्या जागेवरून अधिक नीट दिसते, हे गाभाऱ्याबाहेर थांबावे लागणाऱ्यास समाधान म्हणून सांगणे बरे नव्हे.

मराठी भक्तिपरंपरेत पायरीस जे स्थान आहे, त्यामुळे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. अन्य धर्मस्थानांतही पायऱ्या आहेत. इंग्लंडातील कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये थॉमस बेकेटच्या समाधिस्थानाकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या शतकानुशतकांच्या यात्रेकरूंनी झिजविलेल्या आहेत आणि १५३८ मध्ये समाधी उद्ध्वस्त झाल्यावरही ती झीज दिसते. मराठीत मात्र पायरीस स्वतःचे चरित्र आहे. पंढरपूरच्या महाद्वारातील पायरी नामदेवांच्या नावाने ओळखली जाते. संतांच्या चरणांची धूळ अंगावर पडावी म्हणून त्यांनी पायरी होणे पसंत केले, अशी श्रद्धा आहे. तिच्यासमोर, देवळाबाहेर, चोखामेळ्याची समाधी आहे. वारी पायी करावयाची, विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवावयाचे, संतांच्या पादुका पालखीत मिरवावयाच्या. या भक्तीची सारी भाषा पावलांची आहे. ज्याचे पाऊल भुईला लागत नाही, ज्याच्या खाली धूळ उडते ती चाकांची, तो या भाषेत कोठे बसतो?

त्याचे उत्तर संतवाङ्मयाने दिले आहे, पण ते रूपकाच्या रूपाने. ईश्वरकृपेने मुका बोलू लागतो आणि पांगळा पर्वत ओलांडतो, ही संस्कृत ध्यानश्लोकातून आलेली कल्पना कीर्तन-प्रवचनांत पुनःपुन्हा येते. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा ही सोंगे येतात. त्यांचे व्यंग हे अज्ञानाचे वा पूर्वकर्माचे चिन्ह असते आणि गुरुकृपा हा त्यावरील उपाय. रूपक म्हणून त्यात गैर काही नाही. नाथांच्या पांगळ्याला स्वतःचा आवाज आहे आणि तो श्रोत्यांना हसवतो व सुनावतोही, हे विसरता कामा नये. परंतु रूपक दीर्घकाळ चालले की ते वस्तुस्थितीची जागा घेते. पांगळा पर्वत ओलांडतो असे म्हणताना पर्वतास कोणी काही विचारत नाही. बदल व्हावयाचा तो पांगळ्याच्या शरीरात. तेराव्या शतकाच्या आरंभी कँटरबरीत ज्या चमत्कारचित्रांच्या काचा बसविल्या गेल्या, त्यांतही रोगी व पंगू बरे होतात, म्हणजे पायांवर उभे राहूनच कथेबाहेर पडतात. दोन्हीकडे बसलेल्या शरीराला बसलेले राहून कथेत जागा नाही.

या पार्श्वभूमीवर देऊळ फिरल्याची कथा विलक्षण ठरते. तिच्यात भक्तास काही होत नाही. तो बरा होत नाही, श्रेष्ठ होत नाही, त्याची जात बदलत नाही. तो जेथे आहे तेथेच राहतो आणि हलते ती इमारत. संतकथांच्या सबंध भांडारात हा क्रम विरळा आहे. त्याचे जवळचे नाते कर्नाटकातील कनकदासांच्या उडुपीच्या कथेशी आहे, परंतु तेथे मूर्ती वळते. औंढ्यात दगडाचे देऊळ वळते.

या कथेचे दोन पाठ ताडून पाहण्यासारखे आहेत. गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात कवी स्वतःच्या तोंडून सांगतो की हीन जातीचा म्हणून त्यास देवळातून उठविण्यात आले आणि देवळाने पंडितांकडे पाठ करून त्याच्याकडे तोंड केले. तेथे गावाचे नाव नाही. कारण मात्र उघड आहे, आणि अपमानही. महिपतीच्या १७६२ च्या 'भक्तविजया'त ही कथा नागनाथाच्या क्षेत्रात येते आणि तिचा सूर बदलतो. महिपतीच्या नामदेवांजवळ तक्रार नाही. ते मागे जातात आणि कीर्तन चालू राहते. कथनाचा भार अपमानावरून देवाच्या कनवाळूपणाकडे सरकतो. महिपतीचा पाठ अधिक रसाळ आहे यात शंका नाही. पण या रसाळपणाची किंमत मोजावी लागली आहे. आपणास उठविले, हे ज्या भक्ताने सांगितले होते, त्याच्या जागी उठविले तरी काही न बोलणारा भक्त येतो आणि पुढे तोच आदर्श मानला जातो. देवळाच्या पायरीपाशी खुर्चीत थांबलेल्या माणसाकडून आजही हीच अपेक्षा असते, की त्याने बाहेरून हात जोडावे आणि कळसाच्या दर्शनात समाधान मानावे. औंढ्यात नंदीच्या जागेचा दाखला देऊन देऊळ फिरल्याची खूण भाविकांस दाखविली जाते. ती पाहण्यासाठी मागे जावे लागते, ही गोष्टही बोलकी आहे.

अर्थात या कथेस मर्यादाही आहे आणि ती झाकून उपयोग नाही. देऊळ फिरले ते पायऱ्यांसह फिरले. दार नामदेवांकडे आले, उंबरा होता तेवढाच राहिला. कथेतील अडथळा माणसांनी घातलेला होता. तो दूर होताच चालत्या पायांस वाट मोकळी झाली. मंदिरप्रवेशाच्या आधुनिक इतिहासाचेही असेच आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळारामापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले झाले. राज्यघटनेने आणि नंतरच्या कायद्यांनी हा हक्क पक्का केला. त्या लढ्यात दार बंद करणारा कोण, हे ठाऊक होते. पायरी मात्र कोणी कोणाविरुद्ध बांधलेली नसते. तिच्यामागे द्वेष नाही, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही सुचत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक व सांस्कृतिक उपयोगाच्या वास्तूंचा स्पष्ट उल्लेख केला, तेव्हा प्रथमच पायरी हा हक्काचा विषय झाला. तरीही सुगम्यतेचे नियम शिफारशीवजाच राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, ज्या नियमाने हे निकष ऐच्छिक केले होते तो मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरविण्यास केंद्र शासनास सांगितले.

प्राचीन वास्तूस हात लावू नये, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो आदराने ऐकावा असाच आहे. कोरीव जोत्यावर सिमेंटचा उतार ओतणे हा रानटीपणाच होय, आणि भूमिगत गाभारा रुंद करावयाचा म्हटल्यास तो गाभारा राहणार नाही. तेथे खुर्ची जाऊ शकत नाही, हे स्पष्ट बोलावे. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांनी औंढ्याचे देऊळ पुन्हा पाहावे. पडझड, पुनर्बांधणी, तळाशी एका शतकाचा दगड व माथ्यावर दुसऱ्या शतकाचे बांधकाम, असे ज्याचे शरीर आहे, त्याच्या 'मूळ रूपा'ची शपथ कोणत्या काळास स्मरून घ्यावी? गर्दीसाठी लोखंडी कठडे आणि गुळगुळीत फरश्या आपल्या देवळांतून सहज आल्या. त्या वेळी हेमाडपंताची आठवण क्वचितच कोणास झाली. प्रांगणातील वाट सपाट राखणे, मंडपाच्या पायऱ्यांवर काढता-घालता येईल असा लाकडी उतार ठेवणे, या गोष्टींनी एकही शिल्प झिजत नाही.

गाभाऱ्याचा प्रश्न तरीही उरतोच, आणि येथे विसोबांची कथा उपयोगी पडते. पिंडीवरून पाय काढा, असे नामदेव म्हणतात. विसोबा उत्तर देतात की आपण वृद्ध झालो, पाय उचलण्याची शक्ती नाही. जेथे देव नसेल तेथे तूच ते नेऊन ठेव. नामदेव पाय उचलतात, आणि जेथे ठेवावेत तेथे पिंडी प्रकट होते. अद्वैतबोधाकडे लक्ष लागल्यामुळे या दृश्यातील देह वाचकाच्या नजरेतून निसटतो. येथे एक माणूस स्वतःचे पाय हलवू शकत नाही, निदान तसे म्हणतो. दुसरा ते हलवितो. पण दयेचा लवलेश नाही, कारण कोठे ठेवावे हे सांगणारा पडलेला आहे आणि शिकणारा उचलणारा आहे. अजिंठ्यास डोलीत बसून लेण्यांकडे नेल्या जाणाऱ्या प्रवाशाची अवस्था अगदी निराळी असते. तेथे चार खांद्यांवर माणूस जातो खरा, पण कोठे थांबावे आणि किती वेळ पाहावे हे बहुधा खांदेच ठरवितात. उचलले जाणे ही एकच क्रिया, पण तिचा अधिकार कोणाकडे आहे यावर तिचा अर्थ पालटतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे 'चाकाची खुर्ची' हे नावच या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी ज्यांच्या कमरेखालच्या शरीराची शक्ती गेली, त्यांनी ग्रंथास नाव दिले ते व्यंगाचे नव्हे, साधनाचे. नाथांच्या सोंगांपासून येथवरचे अंतर मोठे आहे.

नाथांच्या व अन्य संतांच्या नावावरील 'पांगळा' व 'पांगुळ' या रचनांचे उपलब्ध पाठ एकत्र करून, त्यांत बोलणारा पांगळा नेमके काय मागतो, पाय की वाट, हे रचनागणिक तपासावयास हवे. तसेच औंढ्याच्या कथेचे जे मौखिक पाठ हिंगोली-नांदेड भागात सांगितले जातात, त्यांत देऊळ फिरते तेव्हा नामदेव उभे असतात की बसलेले, याची नोंद घ्यावी. कीर्तनकार ते उभे असल्याचे गृहीत धरतात, कारण नारदीय कीर्तन उभ्यानेच होते.