टॉर्शन आणि रॅडिकल : अतिया-मॅकडोनाल्ड यांच्या ग्रंथातील एका स्वाध्यायाची चिकित्सा

प्रस्तावना :

मायकेल अतिया व इयान मॅकडोनाल्ड यांचा क्रमनिरपेक्ष बीजगणितावरील ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झालेला हा ग्रंथ जेमतेम १२८ पानांचा आहे. इतक्या थोड्या जागेत इतका आशय सामावणारी पाठ्यपुस्तके विरळाच. तथापि या संक्षेपाची किंमत विद्यार्थ्याला कोठे मोजावी लागते, याचा विचार होणे आवश्यक आहे. लोणंदसारख्या बाजारपेठेच्या गावातून पदव्युत्तर शिक्षणासाठी कोल्हापूर वा पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याला टॉर्शन ही संकल्पना बहुधा केवळ एक व्याख्या म्हणून भेटते. त्या व्याख्येमागील विचार त्याच्यापर्यंत पोहोचतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

व्याख्या आणि तिची मर्यादा :

सदिश अवकाशात अदिश हे क्षेत्रातून घेतले जातात. ते वलयातून घेतले की मॉड्यूल मिळते. मॉड्यूलमधील एखाद्या घटकाला वलयातील शून्येतर घटकाने गुणून शून्य येत असेल, तर त्यास टॉर्शन घटक म्हणतात. अतिया-मॅकडोनाल्ड ही व्याख्या तिसऱ्या प्रकरणाच्या स्वाध्यायात, आणि तीही केवळ इंटिग्रल डोमेनसाठी देतात. हे बंधन अकारण नाही. सहाने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचे वलय हे स्वतःवरीलच मॉड्यूल मानले, तर २ ला ३ ने आणि ३ ला २ ने गुणून शून्य मिळते. म्हणून दोन्ही टॉर्शन घटक ठरतात. परंतु त्यांची वजाबाकी १ असून १ ला कोणताही शून्येतर घटक शून्य करीत नाही. अर्थात टॉर्शन घटकांचा संच येथे उपमॉड्यूल होत नाही.

यावरील उपाय सोपा आहे. ‘शून्येतर’ या शब्दाऐवजी ‘शून्यभाजक नसलेला’ असे म्हटले की दोन शून्यभाजक नसलेल्या घटकांचा गुणाकारही तसाच राहतो आणि कोणत्याही क्रमनिरपेक्ष वलयावर टॉर्शन उपमॉड्यूल सिद्ध होते. यासाठी लागणारे लोकलायझेशनचे साधन त्याच तिसऱ्या प्रकरणात विस्ताराने मांडलेले आहे. असे असूनही स्वाध्यायात या विस्ताराची सूचना नाही, हा ग्रंथावरील पहिला आक्षेप होय.

स्वाध्यायात दडलेला सिद्धांत :

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. या स्वाध्यायात विद्यार्थ्याला प्रामुख्याने तीन गोष्टी सिद्ध करावयाच्या आहेत : टॉर्शन भाग काढून घेतल्यावर उरणारे क्वोशंट मॉड्यूल टॉर्शनमुक्त असते, होमोमॉर्फिझम टॉर्शन भागाला टॉर्शन भागातच नेतो, आणि ही क्रिया डावीकडून एक्झॅक्ट असते. यांतील पहिल्या दोन गोष्टी म्हणजेच मॉड्यूलवरील ‘रॅडिकल’ या व्यापक संकल्पनेची व्याख्या होय. तिसरीमुळे उपमॉड्यूलचा टॉर्शन भाग हा मूळ मॉड्यूलच्या टॉर्शन भागाशी असलेला त्याचा छेद ठरतो. स्पेन्सर डिक्सन यांनी १९६६ मध्ये आबेलियन कॅटेगरींसाठी टॉर्शन सिद्धांताची अमूर्त मांडणी केली होती. ग्रंथ मात्र या व्यापक चौकटीचा निर्देश करीत नाही.

ही चौकट का हवी, हे तुलनेने स्पष्ट होते. पूर्णांकांवरील मॉड्यूलमध्ये २ ने गुणल्यास शून्य होणाऱ्या घटकांचाच विचार केला, तर चारच्या बाक्यांमधून ० आणि २ हाती येतात. पण उरलेल्या क्वोशंटमध्ये पुन्हा तसेच घटक सापडतात. म्हणजे ही क्रिया रॅडिकल नाही. उलट सर्व महत्तम उपमॉड्यूलांचा छेद, म्हणजे जेकबसन रॅडिकल, पहिल्या दोन्ही अटी पाळतो, परंतु तिसरी पाळत नाही. परिमेय संख्यांच्या मॉड्यूलला महत्तम उपमॉड्यूलच नाही, म्हणून त्याचे रॅडिकल तेच संपूर्ण मॉड्यूल. त्यातील पूर्णांकांचे रॅडिकल मात्र शून्य. टॉर्शन आणि जेकबसन रॅडिकल यांतील साम्य व भेद अशा रीतीने दोन उदाहरणांत उलगडतात.

ग्रंथात वलयाची रॅडिकले पहिल्या प्रकरणात येतात. चौथ्या प्रकरणाच्या स्वाध्यायात उपमॉड्यूलचे रॅडिकल येते. परंतु ते उपमॉड्यूल नसून वलयातील आयडियल असते. एकच शब्द वेगवेगळ्या पातळ्यांवर वापरला जात असताना त्यांतील नाते न सांगितल्याने नवख्या वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

ग्रंथाच्या बाजूने :

विषयात त्वरेने प्रवेश करून देणे एवढाच माफक हेतू लेखकद्वयाने प्रारंभीच सांगितला आहे. त्यामुळे ग्रंथाने सर्व काही सांगावे ही अपेक्षा अन्यायकारक ठरेल. शिवाय टॉर्शनमुक्तता हा प्रवासाचा शेवट नव्हे. दोन चलांच्या बहुपदींच्या वलयात त्या दोन चलांनी निर्माण केलेले आयडियल टॉर्शनमुक्त असूनही मुक्त मॉड्यूल नसते. तेथे प्रोजेक्टिव्ह ही अधिक कडक अट लागते. क्षेत्रावरील अशा वलयावर सांतजनित प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल मुक्तच असतात, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. एस. शेषाद्री यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले.

निष्कर्ष :

ग्रंथाचा खरा गाभा स्वाध्यायांत आहे. प्रमेये शिकवून स्वाध्याय ‘घरी करा’ म्हणून सोडून दिले, तर विद्यार्थ्याच्या हाती टॉर्शनची व्याख्या राहते, विचार निसटतो. सहाच्या बाक्या, चारच्या बाक्या आणि परिमेय संख्या ही तीन उदाहरणे फळ्यावर मांडण्यास एक तासिका पुरते. ग्रंथाने मौनात ठेवलेला दुवा जोडण्याचे काम अध्यापकाचेच आहे.